चारपायी रोबोटचे पाय का लटपटत होते: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोन विद्यार्थ्यांचं आहे. मुलगा आमच्याच सोसायटीत राहतो, मुलगी त्याची वर्गमैत्रीण. ओळख पटू नये म्हणून नावं आणि कॉलेज गाळलं आहे, बाकी आकडे आणि घटनाक्रम माझ्या वहीतून जसेच्या तसे घेतले आहेत. मी भोसरीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. रोबोट हा माझा धंदा नाही, पण सांधे, बेअरिंग आणि तापलेल्या मोटरी रोजच्या आहेत, म्हणून मुलं माझ्याकडे आली.

त्यांनी चार पायांचा रोबोट बनवला होता. प्रत्येक पायाला तीन सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनात फिरून तिथेच थांबणाऱ्या): एक पाय पुढे-मागे फिरवणारी, एक मांडी उचलणारी, एक गुडघ्याची. म्हणजे एकूण बारा, सगळ्या एमजी९९६आर मॉडेलच्या, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलेल्या. पाय थ्री-डी प्रिंट केलेले, धड म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. डोक्याला अर्डुइनो उनो हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड आणि मोटरींना इशारे देणारं पीसीए९६८५ बोर्ड. मांडीची लांबी ९ सेंटिमीटर, पोटरीची १३. वजन काट्यावर भरलं २१५० ग्रॅम.

कॉलेजच्या प्रदर्शनाला सहा आठवडे होते. हातात पाच हजार रुपये उरले होते.

अडचण

मुलगा आला तो निदान घेऊनच आला. "काका, मोटरी कमी पडतायत. वीस किलोवाल्या घ्यायला लागतील." त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. रोबोट उभा राहतो, पहिला पाय उचलतो, लटपटतो, दुसरं पाऊल टाकता टाकता उचललेल्या पायाच्याच बाजूला कलंडतो. कधी तीन पावलं, कधी चार. मध्येच सगळे पाय एकदम झटका देतात आणि तो पोटावर बसतो. दोन मिनिटं नुसता उभा ठेवला तरी मांडीच्या मोटरी हात लावू नये इतक्या तापत.

दिसणाऱ्या गोष्टी पाहिल्या तर त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मलाही पहिल्या दिवशी पटलं.

समोर असलेले पर्याय

बाराही मोटरी बदलून वीस किलो-सेंटिमीटरच्या (म्हणजे सांध्यापासून एक सेंटिमीटरवर वीस किलो पेलणाऱ्या) घ्यायच्या, हा त्याचा पर्याय. एकेक मोटर जुनीच्या जवळपास तिप्पट किमतीची. पैसे नव्हते, तो आईकडे मागणार होता. शिवाय मोठी मोटर करंटही जास्त मागते, आणि वीजपुरवठा आहे तोच राहिला तर तिचं बळ कागदावरच राहतं.

मुलीचं म्हणणं होतं की मांडीला स्प्रिंग लावावी, म्हणजे वजनाचा काही भार स्प्रिंग पेलेल. कल्पना चांगली आहे, दरवाजाला किंवा टेबल-लॅम्पच्या दांड्याला आपण हेच करतो. पण पाय उचलून पुढे टाकताना जमिनीवरचं वजन त्या पायावर नसतं, तेव्हा मोटरीला स्प्रिंगशीच झगडावं लागतं. नुसतं उभं राहायचं असतं तर मी स्प्रिंग लावली असती. चालायचं होतं, म्हणून बाजूला ठेवली.

सहा पाय करणं हा तिसरा विचार होता. तीन पाय नेहमी जमिनीवर राहतात, तोल सोपा होतो. पण आणखी सहा मोटरी आणि सगळं धड नव्याने बनवायचं. सहा आठवड्यांत तो नाद करू नये असं मी स्पष्ट सांगितलं.

उरला चौथा पर्याय: काहीही विकत न घेता आधी मोजायचं. मुलाचा चेहरा पडला, कारण मोजण्यात एक आठवडा जाणार होता. तो आठवडा द्यायचा की नाही, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. द्यायचं ठरलं ते मुलीमुळे. ती म्हणाली, "नवीन मोटरी आणूनही पडला तर मग काय बदलायचं ते आपल्याला कळणारच नाही."

पहिली कृती: दोन दुखणी वेगळी करणं

त्या व्हिडिओतल्या झटक्याने मला बेचैन केलं होतं. थकलेली मोटर हळूहळू खाली बसते, झटका देत नाही. आम्ही व्हिडिओ सावकाश लावून पुन्हा पाहिला. पाय अडखळतो, मग साधारण एक सेकंद काहीच होत नाही, आणि मग चारही पाय एकाच वेळी एकाच ठरावीक कोनात जातात. तो कोन कुठला, असं मी विचारल्यावर मुलगीच थबकली. प्रोग्राम सुरू होताना ती मोटरींना ज्या जागी उभं करते, तोच तो कोन होता.

आता रोबोट पुन्हा चालवला, पण कुणी पायांकडे पाहिलं नाही. तिघांचेही डोळे अर्डुइनोवरच्या बारीक एलईडीवर. पाय उचलला, मोटरी घरघरल्या, आणि एलईडी लुकलुकला. बोर्ड नव्याने सुरू होताना तो तसा लुकलुकतो. म्हणजे रोबोट पडत होता त्यातली निम्मी पडझड पायांची नव्हतीच. वीज खाली जात होती, मेंदू बंद पडून पुन्हा सुरू होत होता, आणि पायांना सुरुवातीच्या जागेवर खेचत होता.

पुरवठा पाहिला. बॅटरी भक्कम होती, पण तिच्यानंतर एक एलएम२५९६चं छोटं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट कमी करून देणारं सर्किट. त्याची मर्यादा ३ अँपिअर. एक एमजी९९६आर अडकली की ६ व्होल्टला एकटीच सुमारे अडीच अँपिअर ओढते. दोन अडकल्या की पाच. मल्टिमीटर लावला, ६ व्होल्ट पाय उचलताना ४.६ दाखवायला लागले. मल्टिमीटर संथ असतो, क्षणभराची खरी घसरण याहून खोल असणार.

इथे नवं कन्व्हर्टर घेऊन टाकायचा मोह होता. त्याऐवजी घरातला जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, काढला. त्याच्या लाल तारांवर ५ व्होल्ट आणि भरपूर अँपिअर मिळतात. त्याला लांब जाड वायर जोडून रोबोट चालवला. झटके पूर्ण बंद झाले. एकदाही एलईडी लुकलुकला नाही. पण मांड्या अजून बसतच होत्या, सावकाश, दमलेल्या माणसासारख्या.

म्हणजे दुखणी दोन होती आणि एकमेकांत मिसळून एकच वाटत होती. फुकटात झालेली ही चाचणी मला सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची वाटते.

दुसरी कृती: पायाचा हिशेब

आता खऱ्या अशक्तपणाकडे वळलो. आलेख-कागदावर पाय खऱ्या मापात काढला. उभं राहण्याची ढब कोळ्यासारखी होती: मांडी आडवी, पोटरी बाहेर झुकलेली. मांडीच्या सांध्यापासून पाऊल आडव्या अंतरात १२ सेंटिमीटर लांब.

मुलाने हिशेब केला होता, पण वजनाला चाराने भागून. चालताना चारही पाय जमिनीवर नसतात. बरं, तीनने भागूनही चालत नाही. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार पावलं आणि वजन बरोबर मध्यावर असेल, तर एक पाय उचलल्यावर वजन उरलेल्या तिघांत सारखं वाटलं जात नाही. मध्यबिंदू कर्णावर असतो, त्यामुळे सगळं वजन त्या कर्णाच्या दोन टोकांवरचे पाय निम्मं-निम्मं घेतात, आणि तिसरा पाय नुसता टेकलेला राहतो. मुलांना हे पटेना, म्हणून चार वाट्या पालथ्या घालून त्यावर पुठ्ठा ठेवला आणि एक वाटी काढली. समोरच्या कोपऱ्याखालची वाटी बोटाने अलगद सरकली, तिच्यावर भारच नव्हता. शिवाय उचललेल्या पायाचं स्वतःचं वजन त्याच बाजूला लोंबतं, म्हणून रोबोट नेहमी उचललेल्या पायाकडेच कलंडत होता. व्हिडिओतलं कोडं तिथे सुटलं.

आता आकडे. २१५० ग्रॅमचं निम्मं म्हणजे १.०७५ किलो, गुणिले १२ सेंटिमीटर: जवळपास १२.९ किलो-सेंटिमीटर. या मोटरीचं छापील बळ ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११, आणि तेही पूर्ण अडकलेल्या स्थितीतलं. सतत कामाला मी त्याचा तिसरा हिस्सा, फार तर क्षणभरासाठी निम्मा धरतो. म्हणजे मोटरीकडे आपण तिच्या कमाल ताकदीपेक्षाही जास्त मागत होतो. ती अडकायची, अडकली की अडीच अँपिअर ओढायची, व्होल्ट घसरायचे, घसरलेल्या व्होल्टवर तिचं बळ आणखी कमी व्हायचं, आणि शेवटी अर्डुइनो झोपायचा. लांब पडलेल्या पावलापासून लुकलुकणाऱ्या एलईडीपर्यंत ही एकच साखळी होती.

छापील आकड्यांवर विसंबायला नको म्हणून बाराही मोटरी तपासल्या. मोटर शिकंज्यात पकडायची, तिला १० सेंटिमीटरची पट्टी लावायची, पट्टीच्या टोकाला पिशवी, आणि पिशवीत मूठमूठ वाळू. मोटर उचलू शकेना की पिशवी काट्यावर. दहा मोटरी ८ ते ९.५च्या दरम्यान आल्या. दोन साडेपाचवरच थांबल्या, आणि त्यातली एक मागच्या उजव्या मांडीत बसलेली होती. तो पाय सर्वात आधी बसतो, हे मुलगा पहिल्या दिवसापासून सांगत होता.

तिसरी कृती: ढब आणि वजन

इथे दुसरा निर्णय. पाय नव्याने प्रिंट करायचे की आधी प्रोग्रामातून उभं राहण्याची ढब बदलून पाहायची? ढब बदलायला दहा मिनिटं लागणार होती. मांडी वर उचलून गुडघा उंच केला आणि पाऊल आत, सांध्यापासून ६ सेंटिमीटरवर आणलं. पोटरी जवळजवळ उभी झाल्याने गुडघ्याच्या मोटरीवरचा भारही नावापुरता उरला. रोबोट अर्धा तास उभा राहिला, मोटरी कोमट. मुलाला मात्र तो आवडला नाही. "बसल्यासारखा दिसतोय," म्हणाला, आणि ते खरंच होतं, धड फारच खाली आलं होतं.

म्हणून मग मांडी ९ऐवजी साडेसहा सेंटिमीटरची प्रिंट केली. पाऊल ६ सेंटिमीटरवरच राहिलं आणि धड पुन्हा वर गेलं. पाऊल आणखी आत, ४ सेंटिमीटरवर नेऊन पाहिलं, तर बोटाच्या धक्क्याने तो आडवा झाला. पाय जितके धडाखाली घ्यावेत तितकं मोटरीला हलकं, पण उभं राहण्याची बैठक तितकीच अरुंद. सहावर थांबलो ते या ओढाताणीतून.

प्रिंट करताना आणखी एक चूक सुधारली. जुनी मांडी उभी ठेवून प्रिंट केली होती, त्यामुळे थर आडवे पडले होते आणि स्क्रूच्या भोकाशी एक मांडी थरावरच चिरली होती. नवी आडवी निजवून केली, म्हणजे थर लांबीच्या दिशेने गेले.

वजनाचं काम सरळ होतं. अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काढून प्लायवूडच्या लावल्या, ३३० ग्रॅम गेले. ५२०० एमएएचची बॅटरी काढून २२०० एमएएचची, १७० ग्रॅम गेले. आखूड मांड्यांनी पन्नासेक वाचले, बेअरिंग आणि जाड वायरींनी साठेक परत घेतले. काट्यावर १६६० ग्रॅम.

चौथी कृती: सांधे आणि वीज

पाऊल हातात धरून हलवलं तर टोकाशी १४ मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा, होता. मोटरीचं हॉर्न (तिच्या दांड्यावर बसणारा, पायाला जोडणारा तुकडा) प्लास्टिकचं, त्याचे २५ दाते झिजत आलेले, आणि पाय एकाच बाजूने लटकलेला. धातूचे हॉर्न घातले आणि मांडी-गुडघ्याच्या आठही सांध्यांना समोरच्या बाजूने ६२३ नंबरचं छोटं बेअरिंग दिलं, म्हणजे सांधा दोन्हीकडून धरला गेला. प्ले ४ मिलिमीटरवर आला. उरलेला मोटरीच्या गिअरमधला आहे, तो जात नाही. मशिनच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसायला हवं होतं, कारण सांधा ढिला असला की मोटर दर क्षणी जागा शोधत राहते आणि उभ्याउभ्या करंट खाते.

विजेसाठी ६ व्होल्ट १० अँपिअरची दोन कन्व्हर्टर, एक पुढच्या पायांना, एक मागच्या. अर्डुइनोला वेगळं छोटं ५ व्होल्टचं. सगळ्यांची ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, एकत्र. मोटरींची वीज पीसीए बोर्डाच्या बारीक तांब्याच्या रेघांतून न नेता जाड वायरने थेट दिली, बोर्डातून फक्त इशारे. अशक्त निघालेल्या दोन मोटरी बदलल्या. पाच हजारांत हे सगळं जेमतेम बसलं.

पाचवी कृती: चाल, आणि माझा चुकलेला निर्णय

पावलं शहाबादी फरशीवर घसरत होती. मी सुचवलं की खुर्चीच्या पायाला लावतात ती रबरी टोपणं घालावीत. घातली, आणि चाल बिघडली. धड थरथरायला लागलं, मोटरी पुन्हा तापल्या. मुलगा म्हणाला, "काका, आधीच बरं होतं."

कारण समजायला एक संध्याकाळ गेली. जमिनीवरचा पाय मागे ढकलताना प्रोग्राम फक्त खांद्याची, म्हणजे पाय पुढे-मागे नेणारी, मोटर फिरवत होता. तेवढ्याने पाऊल सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातं. तीन पाय तीन वेगवेगळ्या कमानी काढतात आणि जमिनीला धरून एकमेकांना ओढतात. गुळगुळीत टोकं घसरून ही भांडणं मिटवत होती. रबराने घसरणं बंद केलं आणि भांडण मोटरींवर आलं.

टोपणं काढायची की प्रोग्राम नव्याने लिहायचा? प्रदर्शनाला बारा दिवस होते. मुलीने प्रोग्राम घेतला. पाऊल कुठे हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून तीनही कोन काढायचे, मांडी आणि पोटरीच्या त्रिकोणाला त्रिकोणमितीतला कोसाइनचा नियम लावून. दोन रात्रींत झालं. सगळी टेकलेली पावलं एकाच वेगाने, सरळ रेषेत मागे जायला लागली आणि थरथर थांबली.

मग पायांचा क्रम. मुलांनी तो घड्याळाच्या काट्यांसारखा गोल ठेवला होता. मी त्यांना बैलाच्या चालीचा व्हिडिओ पाहायला लावला: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. सावकाश चालताना मागचा पाय पुढच्याच्या जवळ येऊन टेकतो आणि मगच पुढचा सुटतो. तोलाच्या दृष्टीने संथ चालीचा हाच क्रम सर्वात भरवशाचा, हे १९६८ साली मॅक्गी आणि फ्रँक यांनी गणिताने दाखवलं आहे. त्यासोबत पाय उचलण्याआधी धड अडीच सेंटिमीटर विरुद्ध कोपऱ्याकडे सरकवायचं. तेवढ्याने एरवी नुसता टेकलेला तिसरा पाय सोळा टक्के भार घेतो आणि कर्णावरच्या दोघांवर निम्म्याऐवजी बेचाळीस टक्के येतो.

पुन्हा हिशेब: १.६६ किलोचे ४२ टक्के, गुणिले ६ सेंटिमीटर, म्हणजे ४.२ किलो-सेंटिमीटर. सुरुवात १२.९ वर होती. दहा मोटरी त्याच होत्या.

परिणाम

सोसायटीच्या चार मीटरच्या पॅसेजमध्ये तो न पडता पलीकडे गेला, २ मिनिटं ४० सेकंदांत. एका फेऱ्यात, म्हणजे चारही पायांच्या एकेका पावलात, ४ सेंटिमीटर. वेग काही डोळे दिपवणारा नाही. पण परत फिरवला, पुन्हा गेला, आणि आणखी चार वेळा गेला. बॅटरी अठरा-वीस मिनिटं पुरते. पाठीवर ३०० ग्रॅमची साखरेची पुडी ठेवून चालला. मोटरी कोमट राहतात. प्रदर्शनात दिवसभर अधूनमधून चालवला, तीन वेळा बॅटरी बदलून.

जमलं नाही तेही आहे. उंबरठा ओलांडत नाही. सतरंजीच्या काठात पाऊल अडकतं, कारण पाऊल जेमतेम दोन सेंटिमीटर उचललं जातं. पाऊल टेकलं की नाही हे त्याला कळत नाही, त्यामुळे जमीन सपाट आहे हे गृहीत धरूनच चालतो.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सर्वात मोठी चूक रबराच्या वेळी झाली. कोनांचा हिशेब आधी आणि पकड नंतर, असा क्रम ठेवला असता तर ती वाया गेलेली संध्याकाळ आणि मुलांची धास्ती दोन्ही टळली असती. पकड वाढवणं नेहमी चांगलंच, असं मी गृहीत धरलं होतं.

वीजपुरवठा मी पहिल्याच दिवशी तपासायला हवा होता. मुलाने "मोटरी कमी पडतायत" म्हटलं आणि मी त्याच वाटेने दोन दिवस विचार केला. कारखान्यात कुणी ऑपरेटर असं म्हणाला तर मी आधी टर्मिनलवर मीटर लावतो.

वजन हलकं करण्याआधी आणि नंतर करंट मोजून वहीत नोंदवला नाही, याची आता खंत वाटते. टॉर्कचे, म्हणजे किलो-सेंटिमीटरमधल्या बळाचे, आकडे कागदावरचे आहेत, मोटरी कोमट राहतात हा हाताचा पुरावा आहे. पण कुठल्या बदलाने किती अँपिअर वाचले, हे आज मी सांगू शकत नाही. ढब, वजन, बेअरिंग एकामागोमाग एक घाईत झाले. दर बदलानंतर क्लॅम्प मीटर लावायला पाचच मिनिटं लागली असती.

बॅटरी लहान करण्याबाबत आमच्यात अजून मतभेद आहे. मुलाच्या मते जुन्या बॅटरीने तो चाळीस मिनिटं चालला असता आणि १७० ग्रॅम पेलले असते. हिशेबाने पाहिलं तर मांडीवर अर्ध्या किलो-सेंटिमीटरहूनही कमी भार वाढतो, म्हणजे त्याचं म्हणणं चूक नाही. तेव्हा मला प्रत्येक ग्रॅम मोलाचा वाटला.

मागच्या उजव्या गुडघ्यात पुन्हा प्ले जाणवायला लागला आहे. रविवारी तो सांधा उघडायचा आहे. मुलगी त्याआधी पावलांत बटणासारखे छोटे स्विच बसवून पाहणार आहे, जमीन लागली की पाय थांबावा म्हणून. पुढची चाचणी सतरंजीवर.